पोरांनी आपल्याला सांगावं म्हणून काय करायचं

शुक्रवारी शेवटच्या तासाला मी मराठीच्या वह्या गोळा करते. त्या शुक्रवारी स्टाफरूममध्ये तपासायला बसले तेव्हा एका वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. "बाई, उद्या अमक्याचं दप्तर बघा. सगळ्यांसमोर नको." वहीत 'अमक्या'च्या जागी नाव होतं, ते मी इथं लिहीत नाही. लिहिणारं लेकरू मुलगा की मुलगी, हेही सांगणार नाही. का, ते पुढं येईलच.

मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेजवळच्या एका शाळेत तेवीस वर्षं शिकवतेय. मराठी आणि इतिहास. गेली अकरा वर्षं नववीचा एक वर्ग माझ्याकडं असतो. हे लिहितेय ते माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आणि या वयाची पोरं ज्यांच्या घरात आहेत त्या आईवडिलांसाठी. परदेशातल्या शाळांमधल्या गोळीबारांबद्दल मी वाचायला लागले ती पोरांचे प्रश्न यायला लागले म्हणून. वाचत गेले तशी एक गोष्ट मनात पक्की बसली. गोळी सुटायच्या आधी कुणीतरी बोललेलं असतं आणि कुणीतरी ऐकलेलं असतं. ऐकणारं बहुतेक वेळा पोरच असतं. आणि ते पोर मोठ्या माणसापर्यंत येत नाही, किंवा आलंच तर मोठं माणूस ऐकत नाही.

आधी थोडी माहिती करून घ्या. २० एप्रिल १९९९ ला अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं. त्यानंतर तिथल्या सिक्रेट सर्व्हिसनं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या यंत्रणेनं, शिक्षण खात्याबरोबर बसून १९७४ ते २००० मधल्या ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर तपासले. २००२ मध्ये अहवाल आला. ८१ टक्के घटनांमध्ये हल्लेखोर काय करणार आहे हे निदान एका माणसाला आधी माहीत होतं. माहीत असणाऱ्यांत ९३ टक्के त्याच्याच बरोबरीचे होते: मित्र, वर्गातली पोरं, भाऊ-बहीण. हल्लेखोर ओळखू येईल असा एकच साचा सापडला नाही. त्यातल्या पुष्कळांना चांगले मार्क पडत होते, बरेच जण आई आणि वडील दोघंही असलेल्या घरातले होते. एक गोष्ट मात्र सगळ्यांत सारखी होती, ती म्हणजे ४१ च्या ४१ मुलगे होते.

कोलंबाइनच्या वर्षभर आधी एका कुटुंबानं त्यातल्या एका मुलाच्या धमक्या इंटरनेटवरून छापून पोलिसांना दिल्या होत्या. घरझडतीसाठीचा कागद तयार झाला, पण न्यायाधीशापुढं गेलाच नाही. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मेले. त्याआधी ५ जानेवारीला एका बाईनं एफबीआयच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या, फोनवर हल्ला करणाऱ्या मुलाबद्दल सविस्तर सांगितलं होतं. तो निरोप स्थानिक कार्यालयापर्यंत पोचला नाही. हे वाचताना मला माझाच वर्ग दिसत होता. सांगणारं कुणीतरी असतंच, त्याचं पुढं काय होतं ते बघायला पाहिजे.

बातमी वर्गात येते तेव्हा

एकदा मधल्या सुट्टीनंतर वर्गात शिरले तर कुजबुज चालली होती. अमेरिकेतल्या एका शाळेतली क्लिप पोरं आदल्या रात्री घरी बघून आली होती. "बाई, पोरगं बंदूक घेऊन शाळेत शिरलंय, बघितलंसा काय?" कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडं बंदुका न्हाईत म्हणून बरं हाय." मागच्या बाकावरून आवाज आला, "कोयता हाय की."

वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "कोयता कुठं मिळतो हे कुणाकुणाला माहीत आहे?" सत्तेचाळीसपैकी तीसेक हात वर गेले.

अशा वेळी धडा पुढं रेटू नका. वीस मिनिटं द्या. आधी पोरांनी काय ऐकलंय ते विचारा, कारण त्यातलं निम्मं चुकीचं असतं आणि चुकीचं तेच रात्री डोळ्यापुढं येतं. क्लिप लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. हल्ला करणाऱ्याचं नाव उच्चारू नका. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर संसदेत सांगितलं होतं की त्या माणसाचं नाव मी घेणार नाही. त्याला कारण आहे. कोलंबाइनच्या त्या दोघांची नावं आणि फोटो इतके फिरले की पुढच्या कितीतरी हल्लेखोरांनी त्यांचाच अभ्यास केला. मी पोरांना पार्कलंडच्या वाचलेल्या मुलामुलींबद्दल सांगते. त्यांनी दीड महिन्याच्या आत, २४ मार्च २०१८ ला, वॉशिंग्टनमध्ये बंदुकांच्या कायद्यासाठी केवढा तरी मोर्चा काढला.

आणि 'हे तिकडचं आहे' असं म्हणून विषय मिटवू नका. डिसेंबर २००७ मध्ये गुरुग्रामला आठवीतल्या पोरांनी वर्गमित्राला शाळेतच गोळ्या घातल्या. पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये चेन्नईत नववीतल्या मुलानं वर्गातच शिक्षिकेला भोसकलं. आणि आपलं कोल्हापूर? ७ जून २०२३ ला मोबाइलच्या स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, अश्रुधूर सोडला, इंटरनेट बंद झालं. शाळा उघडल्यावर मी वर्गात विचारलं, कुणी काय बघितलं. एका पोरानं त्याच्या ओळखीच्या दुकानाची फुटलेली काच इतकी तपशिलात सांगितली की तो आठवडाभर तेवढंच बघत बसला असणार. घरात कुणी त्याच्याशी त्यावर बोललं नव्हतं.

बंदुकीचा मुद्दा मात्र टाळू नका. राग सगळीकडं सारखाच असतो, पण किती माणसं मरतात ते हातात काय आहे यावर ठरतं. अमेरिकेत दर १०० माणसांमागं सुमारे १२० बंदुका आहेत. २०२० पासून तिथल्या लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, वाहनांच्या अपघातांच्याही वर. स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत मार्च १९९६ मध्ये सोळा चिमुरडी आणि त्यांची शिक्षिका मारली गेली, तेव्हा ब्रिटननं पुढच्याच वर्षी पिस्तुलांवर बंदी घातली. एवढं नववीच्या पोरांना नीट समजतं. त्यांना समजत नाही असं आपणच धरून चालतो.

चुगली हा शब्द आधी सोडवा

आपल्या पेठांमध्ये पोरगं मार खाईल पण नाव घेणार नाही. घरभेदी, चुगलीखोर, ही बिरुदं एकदा लागली की दहावीपर्यंत सुटत नाहीत. म्हणून 'काही झालं तर मला येऊन सांगा' असं शंभरदा म्हणून काही होत नाही.

मी वर्गालाच विचारलं, चुगली कशाला म्हणायचं? भांडण झालं, वाद झाला. शेवटी एक पोरगी उभी राहिली. पुरात त्यांचं घर गेलेलं, ते लोक शाळेत राहिलेले. ती म्हणाली, "बाई, पंचगंगेला पाणी चढलंय आणि एखादा त्यात उतराय लागलाय असं दिसलं तर आपण वरडतोय. ती चुगली न्हवं." तेव्हापासून आमच्या वर्गात तो शब्दच झाला. 'बाई, पाण्यात उतरतंय.' एवढंच कानात सांगितलं तरी मला कळतं.

तुमच्या वर्गाला तुमचा शब्द सापडू द्या. माझा उचलून चालणार नाही.

आता माझी चूक सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी आठवीतलं एक पोरगं माझ्याकडं आलं. पाण्याच्या टाकीमागं मोठी पोरं लहान पोरांचे खाऊचे पैसे काढून घेतात, म्हणालं. मला इतका राग आला की मी तशीच त्या वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, कोण घेतंय पैसे, मला कळलंय, आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव घेऊन म्हणाले की त्याच्यासारखी हिंमत सगळ्यांत पाहिजे. मला वाटलं मी त्याचं कौतुक करतेय. संध्याकाळी त्याच टाकीमागं त्याला त्यांनी बडवलं. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून आला आणि सायकलवरून पडलो म्हणाला. मी खोदून खोदून विचारलं. त्यानं माझ्या डोळ्यांत बघून परत तेच सांगितलं, सायकलवरून पडलो. दहावी होऊन जाईपर्यंत त्यानं मला दुसरी कुठलीही गोष्ट सांगितली नाही.

म्हणून माझा नियम असा: सांगणाऱ्याचं नाव मुख्याध्यापकांनाही लगेच द्यायचं नाही, पालकांना तर नाहीच. जिवाचाच प्रश्न आला आणि द्यावंच लागलं, तर आधी त्या पोराला सांगून द्यायचं.

वहीचं शेवटचं पान

तक्रारपेटीचा मला अनुभव चांगला नाही. पेटीपाशी कोण गेलं ते सगळ्या शाळेला दिसतं. म्हणून मी वही धरली. दर शुक्रवारी प्रत्येकानं मराठीच्या वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहायचंच. काही नसेल तर 'काही नाही' असं लिहायचं, पण पान कोरं ठेवायचं नाही. सगळेच लिहितात, त्यामुळं कोण काय लिहितंय हे कुणाला कळत नाही. मी प्रत्येक पानावर काहीतरी उत्तर लिहिते, 'काही नाही'च्या खालीसुद्धा. निदान 'बरं, पुढच्या शुक्रवारी' एवढं तरी.

पहिले दोन महिने काहीच हाती लागणार नाही. 'शाळेत पंखा लावा', 'पी.टी.चा तास वाढवा', असंच येईल. त्यातलं जे करता येतं ते करून दाखवा. आमच्या वर्गात पंखा दुरुस्त झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात एका पोरीनं पहिल्यांदा लिहिलं की रिक्षातले काका नीट वागत नाहीत. पंख्याचं ऐकतात म्हणजे याचंही ऐकतील, असा त्यांचा हिशोब असतो.

वह्या वर्गात उघड्या टाकून जाऊ नका. मी कुलपात ठेवते.

काय गंभीर धरायचं

कोल्हापुरात 'बघून घेतो', 'ठोकतो', 'तुझा दिवस भरला' हे दिवसातून पन्नासदा कानावर येतं, कित्येकदा प्रेमानंच. स्टेटसवर तलवारीनं केक कापतानाचे फोटो असतात. प्रत्येकाला धरून दरडावलंत तर पोरं फक्त तुमच्यापासून लपवायला शिकतील.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी शाळांसाठी एक पद्धत बसवली आहे, ती मला फार उपयोगी पडली. रागाच्या भरात तोंडातून गेलेलं एकीकडं, मनात ठरवलेलं दुसरीकडं. कसं ओळखायचं? बोलण्यात नेमकं माणूस आहे का, जागा आहे का, वेळ आहे का, साधन आहे का. तेच तेच वेगवेगळ्या लोकांना सांगितलंय का. कुणाला बरोबर घ्यायचा प्रयत्न केलाय का, किंवा 'तू उद्या येऊ नको' असं कुणाला सांगितलंय का. यातली एक-दोन जरी जुळली तरी त्याच दिवशी हलायचं. 'सोमवारी बघू' म्हणायचं नाही.

तोंडावर माफी मागून मिटणारा राग लगेच कळतो. पोरगं पाच मिनिटांत निवतं आणि लाजतं. ठरवलेलं पोरगं बहुतेक शांत असतं.

हरलेल्या पोराकडं बघा

सिक्रेट सर्व्हिसच्या त्या अहवालातला मला सगळ्यात जास्त लागलेला आकडा हा: ९८ टक्के हल्लेखोरांनी आधी काहीतरी मोठं गमावलं होतं, किंवा गमावलं असं त्यांना वाटत होतं. मान, मैत्री, प्रेम, घरातलं माणूस. आणि ७८ टक्क्यांच्या मनात आधी स्वतःला संपवायचे विचार येऊन गेले होते. म्हणजे दुसऱ्यावर उठलेला हात पुष्कळदा आधी स्वतःवर उठलेला असतो.

माझे वडील तरुणपणी तालमीत जायचे. ते सांगायचे, नव्या पोराला वस्ताद पहिले काही महिने जोर-बैठका आणि चितपट होणं, एवढंच शिकवायचे. रोज पाठ लागायची. हौद्यातनं उठलं की वस्ताद स्वतः त्याच्या पाठीवरची तांबडी माती झाडायचे आणि सांगायचे, पहाटे पाचला ये. हरलेला रोज सगळ्यांसमोर हरायचा आणि रोज परत हौद्यात उतरायचा. आता पोरगं हरतं ते मोबाइलवर, कुणीतरी चित्रण करतं, ते रात्रभर फिरतं, आणि पाठीवरची माती झाडायला जवळ कुणी नसतं. घरी रडलं तर 'बायकांसारखं काय रडतोस' ऐकायला मिळतं. ४१ च्या ४१ मुलगे का, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही, पण या वाक्यात त्याचा एक तुकडा आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आईवडिलांनो, निकालानंतर, संघातून काढल्यावर, मैत्री तुटल्यावर, घरात कुणी गेल्यावर पुढचे दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा. जेवतोय का, झोपतोय का, आवडीच्या वस्तू वाटून टाकतोय का. मरणाचं बोलला तर 'काहीतरी बोलू नको' म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे. जीव आत्ताच धोक्यात असेल तर ११२.

आणि मारू नका. 'बाई, मांस तुमचं, हाडं आमची' असं मला अजूनही पालक येऊन सांगतात. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानं शाळेतल्या माराला बंदी आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या हातचा मार खाल्लाय त्याला जाऊन पोरगं आपली भानगड सांगत नाही.

घरातलं साधन

गुरुग्रामचं पिस्तूल घरातलंच होतं. त्या ४१ जणांपैकी ६८ टक्क्यांनीही बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातूनच आणली होती. तुमच्याकडं परवान्याची बंदूक असेल तर ती कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली पोराला माहीत नसलेल्या जागी. भिंतीवरची तलवारही उतरवा. कोयत्याचं तसंच. कोयता हे ऊसतोडणी करणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याचं अवजार आहे. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून येणाऱ्या टोळ्यांतल्या बायका तो कसा जपतात ते मी बघितलंय. त्याला शहरातल्या पोरांनी स्टेटसचं चित्र करून टाकलं, याचं मला फार वाईट वाटतं.

दप्तर कसं बघायचं

३० नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलच्या एका शिक्षिकेला सकाळी एका मुलाच्या कागदावर बंदुकीचं चित्र दिसलं. बाजूला मदत मागणारे शब्द होते. तिनं ते वर कळवलं. आईवडिलांना बोलावलं, त्यांनी मुलाला घरी न्यायला नकार दिला. मुलगा वर्गात परत गेला. त्याचं दप्तर कुणी उघडलं नाही. बंदूक त्यातच होती, चार दिवसांपूर्वी बापानं घेतलेली. चार मुलं मेली. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्या शिक्षिकेनं तिचं काम केलं होतं. पुढच्या प्रत्येकानं थोडं थोडं सोडून दिलं.

शुक्रवारी ती दोन ओळींची चिठ्ठी वाचली तेव्हा मला हे आठवत होतं. त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापकांच्या घरी गेले. चिठ्ठी कुणाची ते त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण. शनिवारी सकाळची शाळा. मी साडेसहालाच फाटकापाशी उभी राहिले. चिठ्ठीत ज्याचं नाव होतं तो आला तसं नेहमीसारखं म्हणाले, "चल रे, वह्या वर न्यायच्यात. दप्तर दे इकडं, दोन्ही कसं धरशील." दप्तर माझ्याकडं, वह्या त्याच्याकडं. आधी साधन हातावेगळं करायचं, बोलायचं नंतर, हे लक्षात ठेवा. ऑफिसात दप्तर मुख्याध्यापकांच्या मागच्या कपाटावर गेलं. दार लोटलेलं, पण कडी नाही. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. दप्तरात काय आहे असं विचारलं नाही. विचारलं, "काल झोपलास का?"

तो जवळजवळ दहा मिनिटं काही बोलला नाही. नखानं टेबलाची कड खरवडत होता. मग म्हणाला, "तीन दिस झालं, बाई."

मैदानावरच्या मोठ्या पोरांनी त्याला फुटबॉलच्या संघातून काढलं होतं, कान धरून उठाबशा काढायला लावल्या होत्या आणि ते मोबाइलवर घेऊन फिरवलं होतं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी बघितलं होतं. दप्तरात जुन्या टॉवेलात गुंडाळलेला कोयता निघाला. त्या मोठ्या पोरांतला एक आमच्याच शाळेत दहावीला होता.

मुख्याध्यापकांनी पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना फोन केला. असा अधिकारी प्रत्येक ठाण्यात असतो, तुमच्या ठाण्यातला कोण ते आजच विचारून नंबर लिहून ठेवा. ते साध्या कपड्यांत आले. वडील गवंडीकामावरून तसेच आले, हाताला सिमेंट. त्यांनी हात उगारला तो मी मध्ये पडून अडवला. समुपदेशकांकडं त्याचं जाणं त्याच आठवड्यात सुरू झालं. आणि ज्यांनी ते चित्रण फिरवलं त्यांनाही आईवडिलांसकट बोलावलं, प्रत्येकाच्या मोबाइलमधून ते आमच्यासमोर पुसायला लावलं. ही बाजू सोडलीत तर बाकी केलेलं सगळं वाया जातं, कारण पोराच्या मनातला घाव तसाच राहतो.

दोन आठवड्यांनी तो वर्गात परत आला. वर्गाला आम्ही एवढंच सांगितलं होतं की त्याला बरं नव्हतं. शुक्रवारी त्यानं लिहिलं, 'काही नाही'. मी खाली लिहिलं, 'बरं'. पुढच्या शुक्रवारीही तेच. तिसऱ्याही. चौथ्या शुक्रवारी त्या पानावर होतं, "बाई, सरावाला परत जाऊ काय? एकट्याला नको वाटतंय."

सोमवारी पाचच्या सुमाराला मी त्याच्याबरोबर मैदानावर गेले आणि सराव संपेपर्यंत कट्ट्यावर बसून वह्या तपासल्या.